सवतीच्या हौद्याला नव्या फळ्या

गुण्यानं बायको जिवंत असताना तिचं माप घेतलं, अशी बातमी गल्लीत बरेच दिवस फिरत होती. माप म्हणजे लोखंडी टेपनं घेतलेलं, आधी डोक्यापासून टाचेपर्यंत आणि मग या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत. ती बिचारी पलंगावर पडून टकामका बघतेय आणि हा कानाला पेन्सिल खोचून आकडे पुटपुटतोय. त्यानंतर यानं अंगणात जाऊन आपल्या जुनाट पिकअपचा मागचा हौदा उचकटला आणि त्याला नव्या फळ्या बसवायला घेतल्या. म्हणजे बायकोला शेवटचं न्यायची तयारी, आणि तीही ती श्वास घेत असताना. "हा माणूस आहे का कोण आहे," असं पहिल्यांदा कोण म्हणालं ते आता सांगता येत नाही. दुसऱ्यांदा मात्र सगळेच म्हणाले.

बातमीचा उगम सांगता येतो. समोरच्या घरात राहणारी दुर्बीण. घरच्यांनी तिला काही चांगलं नाव ठेवलंही असेल, पण ते वापरायची वेळ कुणावर आली नाही. तिच्या खिडकीत एक खुर्ची होती आणि खुर्चीच्या गादीला तिच्या बैठकीचा कायमचा खळगा पडला होता. कुणाचा जावई तोंड पाडून परत गेला, कुणी दिव्याचे पैसे वाचवायला अंधारात जेवतं, सगळं तिला तिथून दिसे. जे दिसत नसे ते ती बसल्या जागी पूर्ण करून घेई. तिला नावं ठेवण्यात अर्थ नाही. ती नसती तर गल्लीची दुपार सरली नसती.

तर गुण्या. गुण्या म्हणजे खरं तर सुताराचं काटकोन तपासायचं हत्यार, एक लाकडी दांडा आणि त्याला काटकोनात बसवलेलं पातं. हा सुतार ते कमरेला खोचून हिंडे आणि दिसेल त्याला लावून बघे. चहाच्या दुकानातल्या टेबलाला लावी, दुसऱ्याच्या दाराला लावी. एकदा पोट धरून दवाखान्यात गेला. नंबर येईपर्यंत करायचं काय, म्हणून डॉक्टरांच्या दाराची चौकट तपासली. आत गेल्यावर त्यानं आधी चौकट वाकडी असल्याचं सांगितलं आणि मग पोटदुखी सांगितली. तेव्हापासून हत्याराचं नाव माणसाला चिकटलं. बायकोसुद्धा चारचौघांत त्याला गुण्याच म्हणे. घरात मात्र "अहो".

हात एकदम साफ. त्याच्या हातचं कपाट आयुष्यात कुरकुरलं नाही. खोट एकच होती. वेळेवर काम देणं त्याला जमत नसे. कुणी विचारायला आलं की उत्तर ठरलेलं, "दोन दिवसांनी या. लाकूड अजून बसलं नाही." लाकूड कापलं की ते अंग मोडतं, वळतं, फुगतं, आकसतं. त्याला त्याचं त्याचं स्थिर होऊ द्यायचं आणि मगच जोडायचं, ही त्याची रीत. आळस नव्हता तो. दिवसभर हात चालूच असत. पण ‘गुण्याचे दोन दिवस’ हे गल्लीत एक वेगळंच मोजमाप होऊन बसलं होतं. एकानं त्याला पाळणा सांगितला. पाळणा घरी पोचला तेव्हा मूल त्याला बघायला स्वतःच्या पायांनी चालत आलं. बापानं तोंड सोडलं, तर हा शांतपणे म्हणाला, "पुढच्याला होईल." झालाही. पुढच्याला झाला, त्याच्या पुढच्यालाही झाला, आणि एक सांधा हलला नाही. म्हणून लोक त्याला शिव्या घालत आणि परत त्याच्याच दारात जात. गिऱ्हाईक थांबतं, हे गुण्यानं उभ्या जन्मात पाहिलं होतं. न थांबलेलं गिऱ्हाईक त्याला ठाऊकच नव्हतं.

बायको त्याच्या उलट. पायानं चपळ, जिभेनं त्याहून चपळ. ती त्या पिकअपला सवत म्हणायची. "मी आजारी पडले तर विचारणार नाहीत, पण सवतीला खोकला आला की रात्रीचं जेवण जात नाही." गाडीही तशी नखऱ्याचीच होती. गोल नाक, बाहेर आलेले दिवे, दार लावायचं तर आधी थोडं उचलायचं आणि मग खांद्यानं ढकलायचं. मागचा हौदा जुन्या पद्धतीचा. तळाला लांब लाकडी फळ्या आणि दोन फळ्यांच्या मध्ये त्यांना दाबून धरणारी लोखंडी पट्टी. आता असे हौदे बनत नाहीत, आता सगळा पत्रा.

नवी नवरी म्हणून ती याच गाडीतून घरी आली होती. तीही पुढे बसून नाही. पुढच्या सीटवर एका गिऱ्हाइकाचा मोठा आरसा होता. त्या दिवशीच पोचवायचा होता, म्हणजे खरं तर महिन्यांपूर्वीच पोचवायचा होता. आरसा मागे ठेवला तर फुटेल, म्हणून नवरी मागे बसली. पाय लांब करून, पाठ ड्रायव्हरच्या काचेला टेकून. तिची थोरली बहीण, सगळे तिला ताईच म्हणत, गावाबाहेरच्या वळणापर्यंत सोबत म्हणून हौद्यात चढली होती. दोघी एकमेकींचा हात धरून इतक्या हसत होत्या, की रस्त्यानं जाणाऱ्यांना लग्न कुणाचं ते कळेना. पुढे जन्मभर, घरात पाहुणा आला की ही गोष्ट निघे. "आरशाला सीट आणि मला फळी. त्याच दिवशी कळलं मला, या घरात आपला नंबर कितवा ते." गुण्या ऐकून खाली बघत हसे. तो मोठ्यानं हसलेला कुणी पाहिला नाही, आतल्या आत हसायचा.

मग तिची पाठ धरली. आधी वाटलं वाकण्यानं, मग वाटलं वयानं. तपासलं तेव्हा आजार हाडांत उतरलेला निघाला. बसायचं नाही, उभं राहायचं नाही, फक्त आडवं पडून राहायचं, असं डॉक्टरांनी सांगितलं. पलंग अंगणाकडच्या खिडकीशी आणला. लेक सासरहून येऊन राहिली.

डोंगरापलीकडे ताईचीही तीच गत. तिला वर्षापूर्वी अर्धांगवायूचा झटका आला होता. अर्धं अंग गेलं आणि वाचा सगळीच गेली. तिची सून फोनचा रिसीव्हर तिच्या कानाला लावून धरी आणि इकडून ही बोले. तिकडून नुसता श्वास ऐकू येई. गल्लीच्या उखाळ्यापाखाळ्या सांगून झाल्या की हिलाही सुचेनासं होई. मग दोघी काही न बोलता फोन धरून बसत, आणि अखेर सून म्हणे, "मावशी, माझा हात भरून आलाय, ठेवू का?"

एके दिवशी फोन ठेवल्यावर बायको गुण्याला म्हणाली, "अहो, मला ताईकडे न्या."

"अँब्युलन्स सांगतो उद्या."

"भोंग्याच्या गाडीतून मी जायची नाही. ताई दारात वाट बघत बसलेली असेल. तसली गाडी दारात उभी राहिली, तर माझ्याआधी तीच जाईल."

"मग बसणार कशी तू?"

"बसतंय कोण? माझ्या सवतीच्या पाठीवर आडवी पडून जाईन. आणली तशी न्या."

तिला दुसरं काही नको होतं. औषध वाढवा, मोठा डॉक्टर बघा, असलं ती एकदाही म्हणाली नाही. शुद्ध आहे तोवर एकदा ताईचा हात हातात घ्यायचा, एवढंच. डॉक्टरांना विचारलं, तर ते चष्मा पुसत म्हणाले, "न्यायचं असेल तर लवकर न्या." गुण्यानं मान डोलावली. लवकर हा शब्द त्यानं लोकांच्या तोंडून इतक्यांदा ऐकला होता की तो आता त्याच्या कानाच्या बाहेरच थांबत असे.

त्याच दुपारी त्यानं टेप काढली. आधी डोक्यापासून पायापर्यंत, मग खांदे. गादी घसरू नये म्हणून दोन्ही कडांना लाकडी कठडा करायचा होता. त्याला तिची रुंदी हवी होती.

"शिंपी कधीपासून झालात?"

"हलू नकोस."

"झोपल्यावर उंच भरते का हो मी? आयुष्यभर बुटकी म्हणून हिणवलीत." तेवढ्यात तिची नजर समोरच्या खिडकीत गेली. तिनं पडल्या पडल्या हात हलवला आणि म्हणाली, "बघतेय बघ ती. अगं दुर्बिणे, माप नीट टिपून घे हो. सांगताना चार बोटं कमी नको सांगूस." आजारात खोल गेलेला आवाज समोर पोचला नसणार, पण हात हललेला दिसला. दुर्बिणीनंही हात हलवला. त्या दिवशी त्यात कुणालाच वावगं वाटलं नव्हतं.

हौद्यात चढला तर गुण्याचा पाय फळीतून आरपार गेला. वर्षानुवर्षं लाकूड, सामान, पाणी, ऊन खाऊन त्या फळ्यांचा पार बिस्किटासारखा चुरा झाला होता. पट्ट्यांचे बोल्ट गंजून एकजीव झालेले. एकेक बोल्ट करवतीनं कापून काढावा लागला. निघालेल्या फळ्या त्यानं अंगणात होत्या त्याच क्रमानं मांडल्या आणि त्यावर खडूनं खुणा केल्या, नव्या फळ्यांना भोकं नेमकी कुठं पाडायची ते कळावं म्हणून.

त्याचा जुना दोस्त फिटर आला. त्याचं गाड्यांचं दुकान पुढच्या चौकात. बोटांतलं ग्रीस कधी निघालं नाही आणि कामाचं ब्रीदवाक्य एकच, "चालतंय ना? मग झालं." गाडीचे धक्के कमी व्हावेत म्हणून त्यानं मागच्या चाकांवरच्या कमानींतला, म्हणजे स्प्रिंगांतला, एकेक पाटा काढून टाकला, एका ठिकाणी नट मिळेना म्हणून तार बांधली, आणि जेवायच्या आत हात पुसून मोकळा झाला.

"आता यावर प्लायवूडचा तक्ता टाक," तो म्हणाला. "वर गादी. आणि सकाळी नीघ."

गुण्यानं त्याच्याकडे असं बघितलं की जणू त्यानं काही घाणेरडं सुचवलं. "तक्ता वळणावर सरकतो. खालून ओल लागली तर फुगतो. तिला एक हिसका बसला ना, तर अर्धा दिवस कण्हते ती. तू बघितलं नाहीस."

"बघितलंय म्हणूनच सांगतोय. तुझे दोन दिवस करू नकोस."

"नाही करत."

खरंच करायचे नव्हते त्याला. दुसऱ्याच दिवशी तो वखारीत जाऊन चांगला साग निवडून घेऊन आला. दुसरी सगळी कामं बाजूला टाकली. गिऱ्हाइकं आली, तर त्यांच्याकडे न बघताच त्यांना हात हलवून परत पाठवलं. सकाळपासून अंगणात रंधा चाले. खिडकीतून ती ऐकत पडे. रंध्याचा आवाज लांब निघाला की लाकूड सरळ आहे, मध्येच तुटला की गाठ आली, एवढं तिला इतक्या वर्षांत कळायला लागलं होतं.

"गाठ लागली का हो?"

"लागली."

"माझ्यासारखी असेल. वळसा घालून जा."

फळ्या रंधून झाल्या. कडांना खाचा पाडल्या, म्हणजे लोखंडी पट्टी वर येणार नाही, पाठीला लागणार नाही. पट्ट्या घासून गुळगुळीत केल्या. खालच्या सांगाड्यावरचा गंज खरवडला, त्याला रंग दिला. फळ्या एकावर एक रचून मध्ये चिपा घातल्या, हवा खेळावी म्हणून, आणि थांबला. लाकूड बसायला हवं.

"झालं का हो?"

"दोन दिवस."

"कुठले? लोकांचे का तुमचे?"

त्यातली एक फळी वळली. होडीसारखी, मध्ये खोल आणि टोकांना वर. दुसरा कुणी असता तर त्यानं बोल्ट आवळून तिला सरळ केली असती, आणि ती राहिलीही असती सरळ. गुण्यानं ती बाजूला ठेवली, परत वखार गाठली, नवी आणली आणि परत पहिल्यापासून सुरुवात केली.

लेक आता गप्प बसेना. ती अंगणात येऊन कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "बाबा, तिकडून वहिनीचा फोन होता. मावशीला कळलंय आई येणार ते. सकाळी उठल्या उठल्या खुणा करते, ठेवणीतले कपडे घालायला लावते आणि दारात खुर्ची टाकून बसते. संध्याकाळी आत न्यायचं म्हटलं की रडते."

"सांग तिला, झालंच आहे."

"काय झालंय? एक फळी बसलेली नाही अजून. डॉक्टर म्हणाले होते ना लवकर?"

"लवकरच चाललंय की."

"लवकर म्हणजे उद्या, बाबा. तुमचं लवकर नाही."

पोरीचं चुकतंय असं त्याला वाटत नव्हतं. पण त्याच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली होती आणि ती त्यानं कुणाला बोलून दाखवली नाही. काम अर्धं असताना माणूस जात नाही. आजवर गेलेलं नव्हतं. पाळणावाला थांबला, आरसेवाला थांबला, मग ही, जिच्यासाठी आपण जेवायला उठत नाही, ती कशी नाही थांबणार? उलट काम चालू आहे तोवर ती आहे, असंही त्याला कुठंतरी वाटत असावं. तसं असेल तर त्याला घाई कशी व्हावी?

अखेर फळ्या बसल्या. नवे बोल्ट, नवे नट. दोन फळ्यांत बोटाच्या नखाएवढी फट, लाकडाला फुगायला जागा म्हणून. कडेचे कठडे लागले. त्यानं स्वतः आडवा पडून, कूस बदलून बघितलं. कुठं काही टोचत नव्हतं. मग जवसाचं तेल. तेलाचा एक हात द्यायचा, तो वाळू द्यायचा, मग दुसरा. नेमकं त्याच दिवसांत आभाळ कोंदून आलं. पाऊसही नाही आणि ऊनही नाही. तेल वाळेना. हात लावला की चिकटे.

फिटर येऊन बघून गेला. "अरे, गादीच टाकायची आहे ना वर?"

"तेल गादीत उतरेल. वासानं ओकारी येते तिला."

हेही खोटं नव्हतं. त्याच्या प्रत्येक उशिराला कारण असे, आणि ते खरंच असे.

त्या संध्याकाळी खिडकीतून तिनं हाक मारली. तो हातात तेलाचं फडकं घेऊन खिडकीशी आला.

"ऐका ना. ते फिटर प्लायवूडचं काय म्हणत होते?"

तो खिडकीच्या गजाला धरून उभा राहिला. उशिरावरून तिनं त्याला आयुष्यभर टोचलं होतं, लोकांसमोर टोचलं होतं, पण काम हलकं करा असं एकदाही म्हटलं नव्हतं. गिऱ्हाइकांशी भांडताना ती त्याचीच बाजू घ्यायची. म्हणायची, लवकर हवं असेल तर दुसरीकडे जा, तिथं लवकर मिळेल आणि लवकर मोडेल. त्याच बाईनं आता तक्त्याची चौकशी केली होती. तिथंच त्याला कळायला हवं होतं.

"आता झालंच आहे गं," तो म्हणाला. "तेलाचा शेवटचा हात राहिलाय. परवा सकाळी निघू."

"बरं," ती म्हणाली.

पुढे काही नाही. ती नुसतं बरं म्हणणारी बाई नव्हती. तिच्या प्रत्येक बरंला मागे काहीतरी लटकवलेलं असे, एखादा चिमटा, एखादी टोपी. गुण्या थोडा वेळ थांबला, काही येतंय का बघत. मग फडकं धुवायला गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो हौद्यात गुडघ्यांवर बसून फळ्यांवर पालथा तळवा ठेवून बघत होता. लेक दारात येऊन उभी राहिली. तिनं हाक मारली नाही. पावलांचा आवाज ऐकून त्यानं मान न वळवताच सांगितलं, "अजून चिकटतंय." पावलं पुढे आली नाहीत. तेव्हा त्यानं वळून बघितलं.

माणसं जमली. जमायचीच. शेवटचं न्यायला गाडी सांगितली, तर ती दुसरीकडे अडकलेली, यायला उशीर लागेल असा निरोप आला. कुणीतरी, वाईट मनानं नव्हे, अंगणाकडे बोट करून म्हणालं, "गाडी तर इथं उभी आहे की. तिच्यासाठीच केली होती ना?"

गुण्या उठला आणि गाडीच्या मागे जाऊन उभा राहिला. दोन्ही हात मागे, हौद्याच्या मागच्या झडपेवर, फाळक्यावर.

"नाही," तो म्हणाला. "ओली आहे."

माणसं एकमेकांकडे बघायला लागली. फिटरनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि दुसरी गाडी आणायला स्वतः गेला. दुर्बीण तिथंच उभी होती. त्या दिवशी ती रडली, आणि खरंच रडली, कारण खिडकीतून खिडकीत बोलायला तिला दुसरं कुणी नव्हतं. पण संध्याकाळी खुर्चीत बसल्यावर तिच्या डोक्यात टेपचं माप आणि ओल्या फळ्या एकमेकांना जोडल्या गेल्या. आठवड्याच्या आत बातमीला हातपाय फुटले. जिवंतपणी माप घेतलं, गाडी तयार केली, आणि ऐन वेळी फळ्या खराब होतील म्हणून नाही म्हणाला.

दोन दिवसांनी आभाळ मोकळं झालं. कडक ऊन पडलं आणि तेल एका सकाळीत वाळलं. गुण्यानं तळवा फिरवून बघितला, हाताला काही लागलं नाही.

ताईला अजून कुणी सांगितलं नव्हतं. सून फोनवर म्हणाली, "काका, आमच्यानं नाही होत. रोज दारात बसतात त्या."

"मी येतो," गुण्या म्हणाला. लेक बरोबर निघाली, तर तिला नको म्हणाला. "उशीर मी केला. सांगायचंही मीच."

डोंगराचा रस्ता त्यानं सावकाश पार केला. प्रत्येक खड्ड्याशी गाडी जवळजवळ थांबवली. वळणावर हळू, उतारावर हळू. मागचे हॉर्न मारून मारून पुढे गेले, एकानं खिडकीतून काहीतरी ओरडून विचारलंही, अंडी नेतोयस का म्हणून. गुण्या अधूनमधून मागच्या काचेतून हौद्यात बघे. सगळ्या रस्त्यात एक फळी कुरकुरली नाही.

ताई दारातच होती. केस विंचरलेले, ठेवणीतले कपडे. लांबूनच तिनं गाडी ओळखली. तोंडाची एक बाजू हसली आणि चांगला हात खुर्चीच्या दांड्यावर वाजायला लागला. गुण्या उतरला. त्यानं दार उचलून खांद्यानं लावलं. ताईनं गाडीच्या मागच्या बाजूला बोट केलं. तो हलला नाही. तिनं परत बोट केलं, जरा रागानं, आयुष्यभर धाकटीच्या नवऱ्यावर काढला तसल्या लटक्या रागानं. मागे उभी असलेली सून तोंडाला पदर लावून आत गेली.

गुण्यानं कड्या काढून फाळका खाली सोडला.

फळ्या उन्हात मधासारख्या चमकत होत्या. दोन्ही कडांना कठडे, त्यांच्यामध्ये एका माणसाची जागा. ताईनं फळ्यांकडे बघितलं, मग त्याच्याकडे, मग परत फळ्यांकडे. तोंडाच्या चांगल्या बाजूवरचं हसू हळूहळू उतरलं. दुसरी बाजू होती तशीच राहिली. तिनं खुर्ची जवळ न्यायची खूण केली. गुण्यानं ती ढकलून हौद्याशी आणली. तिनं हात लांब करून फळीवर ठेवला आणि पोचेल तिथपर्यंत फिरवला. तिच्या घशातून आवाज निघाला. वर्षभरात पहिल्यांदाच निघाला असेल, त्यात शब्द नव्हता.

"ताई," गुण्या म्हणाला, "उशीर झाला माझ्याकडून."

तिनं हात काढून घेतला. घराकडे तोंड करून खुर्चीचा दांडा वाजवला. सून डोळे पुसत बाहेर आली, तिला आत घेऊन गेली. दार लोटलं गेलं. गुण्या फाळका उघडाच ठेवून बराच वेळ तिथं उभा होता. कुणी परत बाहेर आलं नाही.

घरी आल्यावर काही दिवसांनी बातमी लेकीच्या कानावर गेली. ती तणतणत दुर्बिणीच्या घराकडे निघाली. गुण्यानं तिचा हात धरला.

"म्हणू दे."

"बाबा, लोक काय म्हणतायत माहीत आहे का तुम्हाला? तिच्या मरणावर टपला होतात म्हणतायत."

"माहीत आहे. म्हणू दे. ते बरं आहे."

लेकीला तेव्हा कळलं नाही, लोकांना अजून कळलेलं नाही. गुण्या त्यानंतरही कामं करत राहिला, तशीच सावकाश, आणि कुणालाही खुलासा दिला नाही.

खरं एवढंच आहे. माप त्यानं घेतलं होतं. फाळका लावल्यावर तिला पाय दुमडावे लागू नयेत म्हणून घेतलं होतं. तिला जिवंतपणी बहिणीकडे न्यायचं होतं. लोकांच्या बातमीत गाडी वेळेआधीच तयार होती. खरी गाडी वेळेवर झाली नाही.